गिरणीचा पट्टा घसरतोय? आवळण्याआधी हे तपासा

सांगली, मिरज, तासगाव आणि तिकडं जतपर्यंत पिठाच्या गिरण्या दुरुस्त करत फिरताना एक वाक्य सगळ्यात जास्त वेळा कानावर येतं: “मिस्त्री, पट्टा घसरायलाय, जरा आवळून द्या की.” आवळून देणं दहा मिनिटांचं काम आहे. पण बहुतेक गिरण्यांमध्ये ते औषध रोगावरचं नसतं. आठवड्याभरात पट्टा पुन्हा घसरतो, पुन्हा आवळला जातो, आणि दोन-तीन महिन्यांत मोटरीचं बेअरिंग वाजायला लागतं. मग पट्ट्याचा खर्च वेगळा, बेअरिंगचा वेगळा, आणि ऐन लग्नसराईत गिरणी बंद.

पिठाची गिरणी हे घर्षणावर चालणारं यंत्र आहे. दोन ठिकाणी घर्षण हवंच: पट्टा आणि पुली यांच्यात, आणि दगड आणि दाणा यांच्यात. बेअरिंगमध्ये ते जितकं कमी तितकं चांगलं. बेअरिंगसाठी असलेलं ग्रीस पट्ट्यावर जातं आणि दगडातून निघालेलं पीठ बेअरिंगमध्ये जातं, तेव्हा जिथं पकड हवी तिथं घसरण होते आणि जिथं सहज फिरायला हवं तिथं अडतं. मी पाहिलेल्या बऱ्याचशा तक्रारींच्या मुळाशी ही अदलाबदलच होती. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी खालच्या क्रमानं जा. पहिल्या तपासणीला झाडू आणि फडकं यापलीकडं फारसं काही लागत नाही.

लक्षणं: खरंच पट्टाच घसरतोय का?

गिरणी चालू करताना एखादा सेकंद “चीं” असा आवाज आला आणि थांबला, तर घाबरू नका. थांबलेला जड दगड एकदम फिरवायचा असतो, त्या झटक्यात पट्टा थोडा सरकतो. तोच आवाज दाणा पडायला लागल्यावर येत असेल आणि दळण संपेपर्यंत टिकत असेल, तर मात्र पट्टा घसरतोय.

सगळ्यात भरवशाची खूण कानानं ओळखायची. दाणा सोडा आणि दोन आवाज वेगवेगळे ऐका, मोटरीचा आणि दगडाचा. दगडाचा आवाज खाली बसतो पण मोटर आपल्या सुरात चालूच राहते, तर मधला पट्टा ताकद पोचवत नाही. दोन्ही आवाज एकदम खाली बसत असतील, मोटर कण्हत असेल, तर पट्टा धरून आहे. दोष वजनात किंवा विजेत आहे. हा फरक न कळल्यामुळं चांगले पट्टे फेकून दिलेले मी बघितलेत.

बाकीच्या खुणा: जळक्या रबराचा वास. पट्ट्याखाली फरशीवर काळी भुकटी. बंद केल्यावर मोटरीची लहान पुली चटका बसण्याइतकी तापलेली आणि दगडाकडची मोठी पुली त्यामानानं गार. पट्ट्याच्या दोन्ही तिरप्या कडा काचेसारख्या चमकणाऱ्या. तीन पट्ट्यांपैकी एक फडफडतोय किंवा उलटा झालाय. आणि गिऱ्हाइकाची तक्रार, “काल पीठ भरड आलं हो.”

टॅकोमीटर, म्हणजे फेरे मोजायचं यंत्र, मिळाला तर आकड्यात बघा. चार पोलच्या मोटरीचे मिनिटाला साधारण १४४० फेरे असतात. मोटरीवर ६ इंची आणि दगडाकडं १८ इंची पुली असेल, तर दगडाचे ४८० फेरे यायला हवेत. निरोगी व्ही-पट्टाही (तिरप्या कडांचा, पुलीच्या खाचेत बसणारा पट्टा) एक-दोन टक्के मागं राहतो, ते चालतं. पण भर दळणात मोटर १४४० वर आणि दगड ४४० वर दिसला, तर आठ टक्क्यांवर ताकद वाया चालली आहे. १० एचपीच्या मोटरीत हे सुमारे ६०० वॅट होतात, आणि ती सगळी उष्णता पट्ट्याच्या कडांवर आणि पुलीच्या खाचांत निघते. रबर तापतं, वरचा थर कडक आणि गुळगुळीत होतो, पकड आणखी कमी होते. घसरण घसरणीला वाढवते ती अशी. म्हणून “चाललंय तोवर चालू दे” हे पट्ट्याच्या बाबतीत परवडत नाही.

हात लावण्याआधी

मेन स्विच बंद करा, फ्यूज काढा आणि खिशात टाका. स्टार्टरचं बटण दाबून बंद केलेली गिरणी म्हणजे बंद गिरणी नव्हे. दळण न्यायला आलेलं कुणीतरी “लाईट गेली वाटतं” म्हणून बटण दाबू शकतं. दगड पूर्ण थांबेपर्यंत उभे राहा. जड असतो, वीज गेल्यावरही फिरत राहतो. फिरत्या पट्ट्यावर हात, फडकं, काठी काही लावायचं नाही. पट्टा पुलीवर चढतो त्या फटीत बोट गेलं तर बाहेर काढायला वेळ मिळत नाही. पट्ट्यावरची जाळी काम झाल्यावर परत बसवा. गिरणीत पदर, ओढणी, उपरणं यांची ये-जा चालूच असते, आणि जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवलेल्या गिरण्या बघितल्या की माझ्या पोटात गोळा येतो.

आणखी एक. हवेत उडालेलं बारीक पीठ पेट घेतं, बंद खोलीत त्याचा स्फोटही होतो. दुरुस्ती चालू असताना विडी, काडेपेटी, वेल्डिंग गिरणीच्या खोलीत नको.

पहिली तपासणी: झाडू आणि फडकं

पट्टा आणि खाचा कोरड्या ब्रशनं साफ करा. फुंकणीनं पीठ उडवू नका, ते उडून बेअरिंगवर बसतं. खाचांच्या तळाशी घट्ट थर जमला असेल तर लाकडाच्या फळकुटानं खरवडा. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर वापरला तर खाचेच्या भिंतीवर ओरखडे उठतात आणि ते पुढं रबर कापत राहतात.

सुक्या पिठाचे कण रबर आणि लोखंड यांच्यामध्ये बसले की दोन पृष्ठभाग एकमेकांना नीट भिडतच नाहीत, कण मधल्या मध्ये घरंगळतात. त्यात ग्रीस मिसळलं तर चिकट लगदा होतो, आणि तो दिसायला चिकट असला तरी दाबाखाली सरकतो.

मग तेल आलं कुठून ते शोधा, नुसतं पुसून पुढं जाऊ नका. आपल्याकडं दोनच वाटा असतात. एक म्हणजे बेअरिंगमध्ये ठासून भरलेलं ग्रीस. जास्तीचं ग्रीस तापून बाहेर येतं आणि फिरत्या शाफ्टवरून पुलीपर्यंत सरकतं. दुसरी वाट सांगली-साताऱ्याची खास. मार्च ते मे या दिवसांत त्याच खोलीत चटणी कांडायचं यंत्र चालू असतं. भाजलेलं खोबरं, तीळ, तळलेला कांदा-लसूण यांचं तेल धुळीबरोबर उडतं आणि सगळ्या पट्ट्यांवर बारीक थर बसतो. उन्हाळ्यात पट्टा घसरायला लागला आणि गिरणीत कांडप आहे, तर मी पहिल्यांदा तिकडंच बघतो. मध्ये साधा पत्र्याचा आडोसा केला तरी फरक पडतो.

तेलकट पट्टा साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसा, मग साध्या ओल्या फडक्यानं, आणि पूर्ण वाळल्यावरच चालू करा. रॉकेल किंवा पेट्रोल नको. दोन्ही रबर फुगवतात, आणि पिठाच्या खोलीत त्यांची वाफ म्हणजे आगीला आमंत्रण. पट्टा तेल पिऊन फुगला असेल, बोटानं दाबल्यावर मऊ लागत असेल, तर पुसून उपयोग नाही, तो बदलायचाच.

राळ, साबण, मेण: यातलं काही लावू नका

पट्टा किंचाळायला लागला की कुणी राळ लावतं, कुणी साबणाची वडी घासतं. दोन्हींचा परिणाम तासाभरापुरता चांगला दिसतो, म्हणून ही सवय जात नाही.

किंचाळणं म्हणजे काय ते आधी बघू. स्थिर असलेल्या दोन वस्तू हलवायला जेवढा जोर लागतो, त्यापेक्षा हलू लागल्यावर कमी लागतो. पट्टा क्षणभर धरतो, सुटतो, पुन्हा धरतो, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा होतं. त्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो. साबणानं घर्षणच कमी होतं, त्यामुळं धरणं-सुटणं थांबतं आणि आवाज बंद होतो. घसरण मात्र वाढलेली असते, आता ती मुक्यानं चालते. आवाज गेला म्हणजे दोष गेला असं समजून गिरणीवाला निश्चिंत होतो, आणि पट्टा आतल्या आत जळत राहतो.

राळेचं उलटं आहे. सारंगी किंवा व्हायोलिनच्या गजाला राळ लावतात ती गजानं तार पकडावी म्हणून, आणि तिथं ती हवीच. पट्ट्यावर ती सुरुवातीला पकडते, पण तिच्यावर पीठ चिकटत जातं, तापल्यावर थर कडक होतो आणि खाचेत गाठी बनतात. मला वाटतं ही सवय जुन्या सपाट कातडी पट्ट्यांच्या काळातून आली असावी. इंजिनावर चालणाऱ्या गिरण्यांत रुंद सपाट पट्टे होते, आणि त्यांना वंगण-राळेचा लेप लावायची पद्धत होती. व्ही-पट्ट्याची पकड वेगळ्या कारणानं येते, त्याला कोरडेपणाच हवा.

दुसरी तपासणी: ताण

आता ताण मोजा, अंदाज नको. दोन पुल्यांमधल्या मोकळ्या पट्ट्याच्या बरोबर मध्यावर ताणकाटा (स्प्रिंगचा वजनकाटा) लावून काटकोनात ओढा. मोकळी लांबी एक मीटर असेल तर पट्टा १६ मिलिमीटर वाकायला हवा. लांबी कमी-जास्त असेल तर त्याच प्रमाणात. गिरणीत बहुतेक ‘बी’ जातीचे पट्टे असतात, वरून १७ मिलिमीटर रुंद. मोटरीवरची पुली पाच ते आठ इंची असेल तर एवढं वाकायला एका पट्ट्याला साधारण दोन ते तीन किलोचा जोर लागावा. दोनपेक्षा कमी जोरात वाकला तर सैल, तीनच्या फार वर गेला तर जास्त आवळलेला.

नवा पट्टा थोडा जास्त ताणून बसवतात, अर्धा तास चालवतात, आणि बंद करून पुन्हा मोजतात. नव्या पट्ट्याच्या कडा खाचेत बसताना तो सैल पडतोच. हा दुसरा फेरा न केल्यामुळं “नवा पट्टा पण घसरतोय” ही तक्रार येते. पट्टा बसवताना पहारीनं पुलीवरून उपटून चढवू नका, आतले ताणाचे दोरे तुटतात. मोटरीचे बोल्ट सैल करा, मोटर पुढं घ्या, पट्टा हातानं घाला, मग मोटर मागं ओढा.

जास्त आवळण्यानं बिघडतं काय? पट्ट्याच्या दोन्ही बाजूंचा ताण मिळून मोटरीचा शाफ्ट दगडाच्या दिशेनं ओढतो, आणि तो सगळा भार पुलीजवळच्या एका बेअरिंगवर येतो. पट्ट्याचं दुखणं तिथं ढकललं जातं. पट्टा शेकड्यात येतो. बेअरिंग गेलं तर मोटर उतरवावी लागते, आणि वेळेवर लक्ष गेलं नाही तर रोटर घासून वाइंडिंगही जातं.

तिसरी तपासणी: दोरी

दोन्ही पुल्यांच्या तोंडावरून एक बारीक दोरी ताणून धरा. दोरी दोन्ही पुल्यांच्या दोन्ही कडांना, म्हणजे चारही ठिकाणी टेकली पाहिजे. पुल्यांच्या कडांची जाडी वेगळी असेल तर तेवढा फरक धरा. कुठं फट दिसली तर मोटर तिरकी बसली आहे. ताण वाढवताना एकच बोल्ट जास्त फिरवला की हे हमखास होतं.

तिरकी मोटर असली की पट्टा खाचेच्या एकाच भिंतीवर घासत आत शिरतो. एक कड लवकर झिजते, पट्टा उलटा होतो, कधी बाहेर पडतो. कट्ट्याचं काँक्रीट फुटून मोटरीचा पाया हलत असेल तर रोज सरळ केली तरी रोज तिरकी होणार. पायाचे बोल्ट हातानं हलवून बघा.

चौथी तपासणी: पट्टा आणि पुलीची खाच

इथं मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण सगळा खेळ इथं आहे आणि सगळ्यात कमी लक्षही इथंच असतं.

बिथरलेला बैल धरायचा असेल तर माणूस दाव्याचा वेढा खुंट्याला देतो. एका वेढ्यानं हातातला जोर कितीतरी पट वाढतो. हे गणित अठराव्या शतकात लिओनहार्ड ऑयलर यानं मांडलं. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्याला ओढ साडेसहा पट झेलता येते, दोन वेढ्यांना ४३ पट, तीन वेढ्यांना २८० पटींच्याही वर. वेढा वाढत जातो तशी पकड बेरजेनं नव्हे, गुणाकारानं वाढते.

पट्ट्याला मात्र पूर्ण वेढा मिळत नाही. मोटरीवर ६ इंची, दगडाकडं १८ इंची पुली आणि दोन्ही केंद्रांत तीन फूट अंतर असेल, तर लहान पुलीला पट्टा सुमारे १६० अंशच लपेटतो. घसरण नेहमी लहान पुलीवर सुरू होते ती त्यामुळं. अंतर दीड फुटावर आणलं तर हा लपेटा १४० अंशांपर्यंत उतरतो. जागा वाचवायला मोटर दगडाला चिकटवून बसवलेली असेल, तर तिथला पट्टा जन्मापासून घसरणारच.

आता सपाट पट्ट्याला १६० अंशांत घट्ट बाजू आणि सैल बाजू यांच्या ताणात जेमतेम सव्वादोन पटीचा फरक झेलता येतो. व्ही-पट्ट्याला तेच घर्षण, तोच लपेटा असताना सुमारे १८ पट झेलता येतो. एवढा फरक येतो पाचरीमुळं. पट्टा खाचेत बसतो तेव्हा तो तळाला टेकत नाही, दोन तिरप्या भिंतींत पाचरीसारखा रुततो. लहान पुलीच्या भिंतींमधला कोन साधारण ३४ अंशांचा असतो, आणि त्या कोनामुळं भिंतीवरचा दाब तिपटीहून जास्त वाढतो. घर्षण दाबावर अवलंबून असतं, फ्रान्समध्ये गिलोम आमोंतों यानं १६९९ साली हाच नियम मांडला. ताण तेवढाच, पण दाब तिप्पट, म्हणून पकड तिप्पट.

म्हणून पट्टा खाचेच्या तळाला टेकला की सगळं संपलं. पाचर रुतत नाही आणि व्ही-पट्टा सपाट पट्ट्यासारखा वागायला लागतो. मग कितीही आवळा. याची तपासणी सोपी आहे. पट्टा काढा आणि खाचेच्या तळाकडं बॅटरीनं बघा. तळ रंगहीन, मळकट हवा. तो घासून चकचकीत झाला असेल तर पट्टा खाली टेकतोय. नवा पट्टा खाचेत ठेवला तर त्याची वरची बाजू पुलीच्या कडेच्या बरोबरीनं किंवा किंचित वर दिसायला हवी. नवा पट्टाही आत बुडाला तर पुली झिजली आहे. भिंतींवर बोट फिरवा. भिंत सरळ उताराची लागली पाहिजे. मध्ये खोलगट झाली असेल, कडेला ओठ उठला असेल, तर ती पुली बदला. झिजलेल्या पुलीवर नवे पट्टे चढवणं म्हणजे पैसे पाण्यात.

२००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत कृष्णाकाठच्या ज्या गिरण्या बुडाल्या, त्यांच्या पुल्या यासाठी मुद्दाम तपासा. पुराचा बारीक गाळ खाचेत राहिला आणि तसाच पट्टा चालवला, तर तो सॅंडपेपरसारखा भिंती खातो. पूर ओसरल्यावर महिन्याभरानं सुरू झालेली घसरण अशीच असते.

पट्टा बदलायचा तर सगळे एकदम बदला. तीनपैकी एक तुटला म्हणून एकच नवा घातला, तर जुने दोन ताणून लांब झालेले असतात आणि सगळा भार नव्या एकावर येतो. तोही लवकर जातो. तिन्ही एकाच कंपनीचे, एकाच लांबीचे घ्या. पट्ट्यावरचा ‘बी-१०५’ असा छापा म्हणजे जात बी आणि आतला घेर १०५ इंच. ‘ए’ जातीचा पट्टा १३ मिलिमीटरचा असतो. तो बीच्या खाचेत सहज जातो आणि तळाला जाऊन बसतो, “घरात होता म्हणून घातला” असा पट्टा बऱ्याचदा हाच निघतो.

पाचवी तपासणी: दगड आणि दाणा

पट्टा, ताण, ओळ, खाच सगळं ठीक आहे आणि तरी घसरतोय? मग पट्ट्यावर त्याच्या ताकदीबाहेरचं ओझं पडतंय.

दगडाला टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं पुन्हा खाचा पाडून, किती दिवस झाले ते विचारा. धार गेलेला दगड दाणा कापत नाही, चिरडतो. तोच शाळू दळायला जास्त जोर लागतो, पीठ गरम येतं, आणि गिरणीवाला बारीक पिठासाठी दगड आणखी जवळ आणतो. ओझं वाढतं, पट्टा सुटतो, दोष पट्ट्यावर येतो. पीठ हातात घेऊन बघा. नेहमीपेक्षा जास्त गरम असेल तर आधी टाकी लावा.

पावसाळ्यात दाणा दमट असतो. पावसाळी शिराळ्याकडचा जुलै-ऑगस्टमधला गहू आणि कोरड्या जतकडचा तोच गहू यांत दळताना फरक कळतो. दमट पीठ दगडाच्या घाईत (टाकीनं पाडलेल्या खाचांत) चिकटून बसतं आणि दगड भरतो. अशा दिवसांत हॉपरची (दाणा ओतायच्या पेटीची) झडप थोडी कमी उघडा आणि दळण जास्त वेळ चालू द्या. दळण घेऊन आलेल्या वहिनींना सांगा, “एक दिवस ऊन द्या आणि मग आणा.”

क्लँप मीटर असेल तर मोकळ्या गिरणीचा आणि भर दळणाचा करंट एका कागदावर लिहून भिंतीला लावा. तीन फेजच्या १० एचपी मोटरीचा पूर्ण ओझ्याचा करंट १४ अँपिअरच्या आसपास असतो. गिरणी निरोगी असतानाचा आकडा हाताशी असेल तर पुढच्या वेळी पाच मिनिटांत कळतं, ओझं वाढलंय की पकड कमी झालीय.

सहावी तपासणी: बेअरिंग

पट्टा काढलेलाच आहे तर दोन्ही शाफ्ट हातानं फिरवा. दगड उचलून मोकळा केलेला असू द्या. फिरताना खरखर, अडखळ, कुठंतरी जड लागणं, वर-खाली हलवल्यावर ढिलाई, यातलं काहीही असेल तर बेअरिंग गेलं. चालवून बंद केल्यावर बेअरिंगच्या घरावर तळहात ठेवा. दोन सेकंदही हात ठेववत नसेल तर ते ६० अंशांच्या वर गेलंय.

पीठ ग्रीसमध्ये शिरलं की ग्रीस कणकेसारखं घट्ट होतं. त्यावर नवं ग्रीस ढोसून फायदा नाही. उघडून, धुऊन, सील बदलून भरायला हवं, आणि घर ठासून न भरता साधारण अर्धंच भरायचं. एवढं करायची सवय नसेल तर इथून पुढं हात लावू नका.

इथं थांबा आणि माणूस बोलवा

पुलीला तडा दिसला, भले केसाएवढा असो, तर गिरणी चालू करू नका. बिडाची पुली फिरताना फुटली तर तुकडे भिंतीपर्यंत जातात. दगडाला तडा असेल किंवा दगड फिरताना डुगडुगत असेल तर तेच. पुली शाफ्टवर सैल झाली असेल, पुली शाफ्टला जखडणाऱ्या चावीची खाच झिजली असेल, तर तिथं पत्र्याचा तुकडा ठोकून चालवू नका. ते काम लेथवर होतं.

मोटर नुसतीच गुणगुणते आणि फिरत नाही, किंवा फिरता फिरता एकदम जड होते, तर एखादा फेज गेलेला असू शकतो. लगेच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. पट्टा घट्ट-सैल करत बसलात तर वाइंडिंग जळेल. गावात व्होल्टेज पडतं तेव्हा मोटरीचा जोर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, दहा टक्के व्होल्टेज कमी म्हणजे जोर जवळपास वीस टक्के कमी. त्यावर पट्ट्याचा इलाज नाही, महावितरणकडं तक्रार करायची. स्टार्टरमधल्या ओव्हरलोडची सेटिंग वाढवून वेळ मारून नेऊ नका.

पुरात बुडालेली मोटर बाहेरून वाळलेली दिसली तरी चालू करायची नाही. रिवाइंडिंगवाल्याकडं नेऊन मेगरनं इन्सुलेशन तपासल्याशिवाय तिला वीज देऊ नका, मोटरही जाते आणि बॉडीला शॉकही येतो.

रिवाइंडिंग होऊन मोटर परत आली की पट्टा चढवायच्या आधी ती क्षणभर मोकळी फिरवून दिशा बघा. दोन वायरी अदलाबदल झाल्या तर दगड उलटा फिरतो, आणि टाकीच्या घाई एका दिशेसाठीच मारलेल्या असतात.

मिस्त्रीला फोन करताना एवढं सांगा: पट्ट्यांवरचा छापा आणि संख्या, दोन्ही पुल्यांचा व्यास, मोटरीच्या पाटीवरची एचपी आणि फेरे, किंचाळणं चालू करताना येतं की दळताना, आणि शेवटची टाकी कधी लावली. ही माहिती मिळाली तर तो योग्य पट्टे आणि बेअरिंग सोबत घेऊनच निघेल, आणि तुमची गिरणी त्याच दिवशी चालू होईल.